स्टीलच्या टाक्या हायड्रोत एकामागून एक नापास होतायत? भंगारात द्यायच्या आधी आकडे मागा

एकच प्रश्न फिरून फिरून येतोय म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. स्टीलची स्कूबा टाकी, बाहेरून धड, आतून स्वच्छ, कधी आपटलेली नाही, ५ वर्षं झाली म्हणून हायड्रोला, म्हणजे पाण्याच्या दाबाच्या चाचणीला, दिली आणि परत आली ती बादचा शिक्का घेऊन, कारण काय तर परमनंट एक्सपान्शन, म्हणजे दाब सोडल्यावरही उरलेला फुगवटा, १० टक्क्यांच्या वर. पुढच्या महिन्यात दुसरी दिली, तीपण तशीच. किंवा मग टाकी पास होते पण तारखेच्या पुढचं प्लसचं चिन्ह, म्हणजे १० टक्के जास्त भरायची मुभा, गायब. आणि तिसरा प्रकार, ज्याची मला सगळ्यात जास्त चीड येते, टाकी पास होऊन प्लससकट परत येते आणि वर्षभराने व्हॉल्व्ह काढला की आत विटकरी पावडर.

मी आधी या रांगेत टाक्या घेऊन उभा राहायचो आणि नंतर काही वर्षं टेस्ट बेंचच्या पलीकडच्या बाजूला काम केलं. एका टेस्टरने माझ्या दोन चांगल्या टाक्या एकाच दिवशी बाद केल्या होत्या, तेव्हा मला वाटलं लोखंडच गेलं असेल, विषय संपला. बेंचवर बसल्यावर कळलं की ब्युरेटमधलं, म्हणजे फुगवटा मोजायच्या नळीतलं, पाणी जितकं पोलादाबद्दल सांगतं तितकंच ते टाकीभोवतीच्या पाण्याच्या जॅकेटबद्दल, ओ-रिंगबद्दल आणि त्या दिवशीच्या उन्हाबद्दलही सांगत असतं, आणि यातलं कोण बोलतंय हे ओळखल्याशिवाय टाकीवर निकाल द्यायचा नसतो.

खालचं बहुतेक सगळं अमेरिकन डीओटी (तिथलं वाहतूक खातं) ३एए शिक्क्याच्या टाक्यांबद्दल आहे, म्हणजे क्रोम-मॉली स्टीलच्या, कारण प्लस आणि आरईई (प्लससाठीची फुगवट्याची मर्यादा) ही भानगड त्यांचीच. युरोपियन टाकीवर २३२ बार वर्किंग आणि ३४८ बार टेस्ट असं सरळ ठोकलेलं असतं, तिथे प्लस वगैरे नाही. गंजाचा भाग मात्र सगळ्यांना सारखाच लागू.

आधी टेस्ट काय असते ते थोडक्यात, कारण याशिवाय पुढचं डोक्यावरून जाईल. टाकी पाण्याने भरतात आणि पाण्यानेच भरलेल्या मोठ्या जॅकेटमध्ये लटकवतात. टाकीच्या आतला दाब वाढवला की टाकी फुगते, फुगली की जॅकेटमधलं तेवढं पाणी बाहेर ढकललं जातं आणि ते ब्युरेटमध्ये किंवा वजनकाट्यावर मोजतात. ३एए ला टेस्ट प्रेशर सर्व्हिस प्रेशरच्या, म्हणजे शिक्क्यावरच्या भरायच्या दाबाच्या, पाच तृतीयांश, म्हणजे २४०० पीएसआयच्या टाकीला ४०००, जुन्या २२५० वालीला ३७५०. तो दाब किमान ३० सेकंद धरायचा, फुगवटा थांबला की जो आकडा येतो तो टोटल एक्सपान्शन. मग दाब सोडायचा, टाकी परत आकसते, पण पूर्ण शून्यावर येत नाही, जे उरतं ते परमनंट. टोटलमधून परमनंट वजा केलं की इलॅस्टिक. परमनंट हे टोटलच्या १० टक्क्यांच्या वर गेलं की टाकी बाद.

आता एक उदाहरण घेऊ, १२ लिटरच्या आसपासची टाकी आहे असं समजा. टोटल आलं ५२.० सीसी, परमनंट ५.८. भागाकार केला की ११ टक्के आणि वर थोडं, बाद. पण इलॅस्टिक किती आलं बघा, ४६.२. मागच्या टेस्टच्या कागदावर इलॅस्टिक समजा ४६.१ होतं. मग विचार करा, भिंत गंजून किंवा घासून पातळ झाली असती तर टाकी जास्त ताणली गेली असती आणि इलॅस्टिक वाढलं असतं, ते तर जागचं हललेलं नाही. भिंत तेवढीच जाड, आणि परमनंट मात्र उडी मारून ५.८. असं पोलादाच्या दोषाने होऊच शकत नाही असं नाही, हीट ट्रीटमेंट बिघडलेली टाकी, म्हणजे आगीत सापडलेली वगैरे, जाडी तेवढीच ठेवून मऊ पडू शकते. पण धड दिसणारी, जळालेल्या रंगाचा मागमूस नसलेली टाकी असेल तर माझी पहिली शंका टाकीवर नसते, टेस्टवर असते.

म्हणून पहिलं काम, टेस्टरकडे फक्त पास-नापास विचारू नका, तीन आकडे मागा, टोटल, परमनंट, इलॅस्टिक, आणि एका वहीत टाकीच्या सीरियल नंबरसमोर लिहून ठेवा. बहुतेक लोक हे करत नाहीत आणि मग ५ वर्षांनी तुलना करायला हातात काहीच नसतं. टेस्टरला रेकॉर्ड ठेवावंच लागतं त्यामुळे आकडे असतात, द्यायचा कंटाळा असतो इतकंच.

आता परमनंट खोटं का वाढतं ते. सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण म्हणजे तापमान, आणि याच्यावर लोकांचा विश्वासच बसत नाही. हिशोब करून बघा. जॅकेटमध्ये टाकीभोवती समजा ४० लिटर पाणी आहे. २५ अंशांच्या आसपास पाणी दर अंशाला साधारण दहा हजारात अडीच भाग प्रसरण पावतं, म्हणजे ४० लिटर पाणी एका अंशाने तापलं की १० सीसी वाढलं. एक दशांश अंश म्हणजे १ सीसी! आणि आपण वरच्या उदाहरणात भांडतोय ते अर्ध्या-पाऊण सीसीवर. आता टाकी गाडीच्या डिकीतून उन्हाची तापलेली आणली आणि तशीच भरून जॅकेटमध्ये सोडली तर ती हळूहळू आपली उष्णता जॅकेटच्या पाण्याला देणार, पाणी वाढणार, ब्युरेटमधली पातळी चढणार, आणि हे सगळं परमनंटच्या खात्यावर जमा होणार. उलट टाकी थंडगार असेल तर जॅकेटचं पाणी आकसतं, परमनंट कमी दिसतं, कधीकधी चक्क उणे, आणि तेव्हा कोणीच तक्रार करत नाही, कारण टाकी पास झालेली असते. खरं म्हणजे ती चूक जास्त धोक्याची.

ओळखायचं कसं, तर दाब द्यायच्या आधी शून्य लावून नुसतं बघत बसायचं. काही न करता आकडा सरकतोय म्हणजे तापमान जुळलेलं नाही. उपाय काही भारी नाही, टाकी आदल्या रात्री त्याच खोलीत आणून ठेवायची आणि टाकीत भरायचं पाणी, जॅकेटचं पाणी दोन्ही त्याच खोलीतल्या पिंपात मुरलेलं वापरायचं. नळाचं ताजं पाणी थेट भरलं की गडबड झालीच म्हणून समजा. टाकी द्यायला जाल तेव्हा आदल्या दिवशी द्या आणि घाई करू नका, आजच्या आज पाहिजे म्हणणाऱ्याची टाकी गरम गरमच जॅकेटमध्ये जाते.

दुसरं कारण गळती. इथे गळती कुठे आहे त्यावर लक्षण उलटंपालटं होतं म्हणून नीट वाचा. टाकीच्या मानेत जो टेस्ट अडॅप्टर बसवतात त्याची ओ-रिंग किंवा आतली प्रेशर लाइन गळत असेल तर टाकीतलं पाणी जॅकेटमध्ये येतं, म्हणजे ३० सेकंद धरलेलं असताना आकडा वर चढतच राहतो, थांबत नाही, आणि दाब सोडल्यावर ते गळलेलं पाणी परत कुठे जाणार, तिथेच राहतं आणि परमनंट म्हणून मोजलं जातं. गेजवर दाब हळूहळू उतरतोय आणि ब्युरेट चढतेय अशी जोडी दिसली की शंभरात नव्व्याण्णव वेळा हेच. याउलट जॅकेटचं झाकण किंवा ब्युरेटची नळी बाहेर गळत असेल तर आकडा खाली येतो. आणि दाब उतरतोय पण ब्युरेट आपल्या जागी आहे असं असेल तर गळती जॅकेटच्या बाहेर, पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा लाइनमध्ये शोधा.

बुडबुड्यांचं पण बघा. गॅल्व्हनाइज्ड टाकीचा पृष्ठभाग खरखरीत, त्यावर आणि बुटाच्या खाली, जाळीच्या आत हवेचे बुडबुडे चिकटून बसतात, टेस्टच्या मध्येच सुटले की आकडा हलतो. बूट, जाळी, हँडल सगळं काढूनच टाकी आत गेली पाहिजे. हे सांगावं लागतं याचंच नवल वाटतं पण बूट घालून टेस्ट केलेली टाकी मी डोळ्यांनी बघितली आहे.

बेंच बरोबर आहे की नाही हे कळायला टेस्टरकडे कॅलिब्रेटेड सिलिंडर असतो, ज्याचा अमुक दाबाला अमुक फुगवटा हे सर्टिफिकेटवर लिहिलेलं असतं आणि परमनंट शून्य. ज्या दिवशी टेस्ट करायच्या त्या दिवशी सुरुवातीला तो लावून दाब आणि फुगवटा १ टक्क्याच्या आत येतोय हे दाखवावं लागतं, नियमच आहे. तुमच्या लागोपाठ दोन-तीन टाक्या गेल्या असतील तर विचारा की आज कॅलिब्रेटेडचं रीडिंग काय आलं. चिडून नाही, सहज विचारल्यासारखं. चांगला टेस्टर स्वतःच वही पुढे करतो.

आता राउंड-आउट, म्हणजे टेस्टआधी टाकी दाबाने बसवून घेणं, ज्याच्यावरून सगळ्यात जास्त वाद होतात. स्टीलची टाकी, विशेषतः गॅल्व्हनाइज्ड किंवा हाय-प्रेशर, ५ वर्षांत तिने टेस्टच्या जवळपासचा दाब बघितलेला नसतो, रोज भरतो तो सर्व्हिस प्रेशरच. एकदम थेट टेस्ट प्रेशरला नेली तर पहिल्या ताणात ती थोडी बसते, आतले जुने ताण मोकळे होतात, आणि ते बसणं परमनंटमध्ये येतं. अमेरिकन नियम असा आहे की अधिकृत टेस्टच्या आधी टाकीला टेस्ट प्रेशरच्या ९० टक्क्यांपर्यंत दाब देता येतो. ४००० च्या टाकीला ३६०० पर्यंत. मग करायचं काय, तर ३६०० च्या थोडं खाली न्यायचं, अर्धा-एक मिनिट धरायचं, सोडायचं, टाकीला जरा निवांत ठेवायचं, शून्य पुन्हा लावायचं आणि मग खरी टेस्ट. वरच्या उदाहरणातली टाकी आधी अशी बसवून घेतली असती तर टोटल ४८.० आणि परमनंट १.६ अशा धर्तीचे आकडे आले असते, म्हणजे ३ टक्क्यांच्या जरा वर, आणि इलॅस्टिक तेच ४६ च्या आसपास. ही फसवणूक नाही, कमकुवत टाकी यातून पास होत नाही, कारण जिची भिंत खरंच गेली आहे तिला उरलेल्या १० टक्क्यांत पण यील्ड व्हायला, म्हणजे कायमचं ताणलं जायला, भरपूर जागा असते आणि इलॅस्टिक तर लपवताच येत नाही.

पण इथेच एक खोच आहे जी लोक विसरतात. राउंड-आउट हे टेस्टच्या आधी करायचं असतं. एकदा अधिकृत टेस्ट झाली, पूर्ण दाब देऊन झाला, परमनंट १० च्या वर आलं, की ती टाकी बाद, ‘आता राउंड-आउट करून परत बघूया’ असं म्हणता येत नाही. परत टेस्ट फक्त तेव्हाच जेव्हा यंत्र बिघडलं किंवा ऑपरेटरची चूक झाली म्हणून दाब धरताच आला नाही, आणि तेव्हा पुढचा दाब १० टक्के किंवा १०० पीएसआय, जे कमी असेल ते, वाढवून घ्यावा लागतो, म्हणजे ४००० ऐवजी ४१००. तसंच चेक करताना हात पुढे जाऊन ३७००-३८०० ला गेलं आणि टेस्टर म्हणाला ‘अरेच्चा’, तरी ९० टक्क्यांची हद्द ओलांडली, ते आता टेस्टआधीचं प्रेशर राहिलं नाही. त्यामुळे जे काही बोलायचं ते टाकी ताब्यात द्यायच्या आधी बोला, कागदावर लिहूनच द्या की स्टील आहे, प्री-प्रेशर ९० टक्क्यांच्या आत द्या, प्लस पाहिजे, आरईई अमुक. मी चिठ्ठी टाकीच्या मानेला दोऱ्याने बांधून द्यायचो, लोक हसायचे, हसू देत.

टेस्ट करून पास होईस्तोवर परत परत दाब देणारे पण असतात, त्यांच्यापासून लांब राहा, ते तुमचं भलं करत नाहीयेत.

प्लस का जातो याचं उत्तर वेगळं आहे आणि खूप सोपं आहे, बहुतेक वेळा कोणी गणितच केलेलं नसतं. प्लस म्हणजे शिक्क्यावरच्या प्रेशरपेक्षा १० टक्के जास्त भरायची मुभा, २४०० ची टाकी २६४० पर्यंत, २२५० ची २४७५ पर्यंत. नवी टाकी येते तेव्हा पहिल्या तारखेपुढे + असतं पण ते पुढच्या टेस्टला आपोआप चालू राहत नाही, दरवेळी कमवावं लागतं. त्यासाठी टेस्टरने इलॅस्टिक एक्सपान्शन बघायचं आणि ते आरईईच्या, म्हणजे नापास ठरायच्या मर्यादेच्या आत आहे का ते ताडायचं. नव्या बऱ्याच टाक्यांवर खांद्यावरच आरईई आणि आकडा ठोकलेला असतो. जुन्या टाक्यांवर नसतो, मग तो निर्मात्याकडून मिळवायचा किंवा भिंतीवरच्या ताणाचं गणित करून दाखवायचं, आणि टेस्टरचा धंदा मुख्यतः अग्निशामक आणि वेल्डिंगच्या बाटल्यांचा असेल तर तो या फंदात पडत नाही, टाकी ५ वर्षांसाठी पास, तारीख ठोकली, झालं. टाकी बरोबर, टेस्ट बरोबर, नुसतं विचारलं नाही म्हणून १० टक्के गेले. ९५ घनफूट म्हणून घेतलेली लो-प्रेशर टाकी २४०० ला भरली की ८६ घनफुटांवर येते, कारण तो ९५ चा आकडा २६४० ला मोजलेला असतो. जुनी ७२ वाली प्लसशिवाय ६५ च्या पण जरा खालीच.

परमनंट आणि आरईई यांची गल्लत करू नका. साध्या ३एए टाकीचं इलॅस्टिक आरईईच्या वर गेलं तर प्लस जातो, टाकी जात नाही. परमनंट १० टक्क्यांच्या वर गेलं तर टाकीच जाते. स्पेशल परमिटवाल्या हाय-प्रेशर टाक्या, ज्यांच्यावर ३एए ऐवजी ई किंवा एसपी आणि पुढे नंबर असतो, त्यांच्या अटी त्या परमिटच्या कागदात वेगळ्या लिहिलेल्या असतात, तो कागद टेस्टरकडे असलाच पाहिजे, आणि तिथे प्लसचा प्रश्नच येत नाही.

वहीतल्या आकड्यांचा खरा उपयोग इथे होतो. इलॅस्टिक ४६.१, मग ४६.२, मग ४६.२, टाकी मजेत आहे. ४६.१, ४६.९, ४८.३ असं चढत गेलं तर ती कुठेतरी पातळ होतेय, आतून गंजाने किंवा दरवेळी टंबलिंग (आत खडे टाकून फिरवणं) करून करून. असा चढ दिसला की पुढची ५ वर्षं वाट बघू नका, आतून नीट उजेड घालून बघा.

एक छोटी गोष्ट प्लसबरोबर. प्लस भरायचा तर व्हॉल्व्हवर फ्यूजिबल (उष्णतेने वितळणारा) मेटल भरलेला जुना सेफ्टी प्लग चालत नाही, नुसती बर्स्ट डिस्कच (जास्त दाबाला फुटणारी चकती) लागते, आणि डिस्क त्या टाकीच्या टेस्ट प्रेशरला जुळणारी पाहिजे. अधूनमधून भरताना डिस्क फुटते म्हणून डबल डिस्क घालणारे महाभाग आहेत. करू नका. जुनी डिस्क धातू थकून फुटते, हायड्रोच्या वेळी बदलून टाका, विषय संपतो.

आता गंज, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय. पोलाद, ओलावा आणि ऑक्सिजन तिन्ही लागतात. २०० बारच्या टाकीत ऑक्सिजनचा आंशिक दाब ४२ बार असतो, बाहेरच्या हवेत ०.२१, म्हणजे आतलं वातावरण गंजायला २०० पट उत्सुक, फक्त पाण्याची वाट बघत बसलंय. मग पाणी येतं कुठून? सगळे कॉम्प्रेसरला शिव्या घालतात. पण हिशोब करा. युरोपियन ईएन १२०२१ मध्ये फिलिंग कॉम्प्रेसरच्या हवेत पाण्याची मर्यादा दर घनमीटरला २५ मिलिग्रॅम आहे. १२ लिटरची टाकी २०० बारला भरली की साधारण २.४ घनमीटर हवा, म्हणजे मर्यादेवरची हवा असली तरी ६० मिलिग्रॅम पाणी. एक थेंब पाणी साधारण ५० मिलिग्रॅम. म्हणजे ओल्या टाकीचा व्हॉल्व्ह न पुसता, न फुंकता व्हिप (कॉम्प्रेसरची भरायची नळी) लावली आणि त्या खळग्यात तीन-चार थेंब होते तर तुम्ही एका झटक्यात तीन फिलच्या मर्यादेएवढं पाणी आत ढकललंत, आणि ते बोटीवरचं असेल तर खारट. कॉम्प्रेसरचे फिल्टर वेळेत बदलायचे हे आहेच, सेपरेटरचं पाणी सोडायचं हे आहेच, पण माझ्या अनुभवात विटकरी पावडरचा धनी बहुतेक वेळा तो न पुसलेला व्हॉल्व्ह असतो. व्हिप लावायच्या आधी टाकीचा नॉब किंचित उघडून खळगा फुंकायचा, व्हिपचं टोक पण फुंकायचं, दोन सेकंदांचं काम. आणि पाण्यात टाक्या बुडवून थंड ठेवत भरायची पद्धत जिथे आहे तिथे तर डोळ्यात तेल घालून बघा.

दुसरा रस्ता रिकाम्या टाकीचा. टाकी पाण्याखाली पूर्ण संपवली आणि मग कोणीतरी रेग्युलेटरचं (श्वास घ्यायच्या यंत्राचं) पर्ज बटण दाबलं की बाहेरचं पाणी रेग्युलेटरमधून आत येऊ शकतं. १०-२० बार नेहमी शिल्लक ठेवा. टाकी रिकामी करायची असेल, टेस्टला नेण्यासाठी म्हणून, तर हळू सोडा, भसकन सोडली की भिंत थंड पडते आणि तशा थंड टाकीचा व्हॉल्व्ह दमट खोलीत लगेच उघडला की बाहेरची हवा आत जाऊन भिंतीवर दव धरते. तासभर थांबा, मग उघडा.

आणि तिसरा रस्ता, ज्याबद्दल कोणी बोलत नाही, तो म्हणजे हायड्रो स्वतःच! टाकी पाण्यानेच भरली होती ना. टेस्टरने उलटी करून निथळत ठेवली, दुपारी जेवायला गेला, आला तोपर्यंत आत नारिंगी छटा आलेली असते, ओल्या उघड्या पोलादावर हे काही तासांत होतं. निथळल्याबरोबर लगेच तळापर्यंत जाणारी नळी घालून गरम, कोरडी, तेल नसलेली हवा सोडली पाहिजे, टाकी सगळीकडून कोमट लागेपर्यंत आणि त्यानंतरही थोडा वेळ, कारण तळाच्या गोलाईत पाणी शेवटपर्यंत दबा धरून बसतं. परत घेताना व्हॉल्व्ह लावलेली टाकी घेऊ नका, उघडीच बघा, दिवा आत सोडा. हलकी नारिंगी धूळ, जी बोळ्याने पुसली जाते, ती फ्लॅश रस्ट, तिच्यासाठी टंबलिंग करायची गरज नाही. खवले निघतायत, खाली खड्डे दिसतायत, किंवा एका सरळ रेषेत गंज पडलाय तर मात्र गंभीर. सरळ रेष म्हणजे टाकी आडवी पडून होती आणि आत पाणी होतं, त्या रेषेतच सगळं खाल्लं जातं. म्हणूनच साठवताना उभी ठेवतात, तळाला भिंत जाड असते.

टंबलिंगबद्दल माझं मत, गरज असेल तेव्हा एकदा आणि पुरेसं. आत खडे टाकून तासन्तास फिरवलं की गंजाबरोबर पोलाद पण जातं, आणि मग ओलं टंबलिंग केलं असेल तर धुताना परत फ्लॅश रस्ट, म्हणजे परत टंबलिंग, असा गोल फेरा मी बघितलाय. चक्क दर वर्षी. त्या टाकीचं इलॅस्टिक वर चढत गेलं यात नवल ते काय.

टाकी न उघडता आतलं कळायला एक जुनी युक्ती, रेग्युलेटरच्या फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी जो जाळीदार फिल्टर असतो त्याचा रंग बघा. विटकरी म्हणजे टाकीतला गंज. हिरवट म्हणजे पितळेवर पाणी बसलंय, डस्ट कॅप न लावता धुतलं असेल. काळा म्हणजे कॉम्प्रेसरच्या फिल्टरमधला कोळसा. टाकी उलटी-सुलटी करून कान लावला आणि आत खळखळ किंवा रेती सरकल्यासारखा आवाज आला तर पुढचा डाइव्ह रद्द, टाकी सावकाश रिकामी करायची आणि उघडायची. बरीच वर्षं भरलेली पडून असलेली स्टीलची टाकी तोंडाला लावायच्या आधी ऑक्सिजन अ‍ॅनालायझर लावा, गंज हा टाकीतला ऑक्सिजन खाऊनच होतो आणि हवेला वास, चव काही बदलत नाही.

बाहेरून गंज कुठे असतो तर बुटाखाली. रबरी बूट खारट पाणी धरून ठेवतो, महिनोन्‌महिने, आणि टेस्टर बाद करतो ती जागा तुम्ही वर्षानुवर्षं बघितलेलीच नसते. बूट काढून धुवा, वाळवा.

आता एक वेगळीच गोष्ट पण टेस्टनंतरच घडते म्हणून इथेच. पाच-सहा टाक्या एकदम परत आल्या की व्हॉल्व्ह अदलाबदल होतात. अमेरिकन मानेचे आटे पाऊण इंची एनपीएसएम, युरोपियन बऱ्याच टाक्यांचे एम २५ बाय २. एम २५ चा व्हॉल्व्ह पाऊण इंचीत बसल्यासारखा वाटतो, थोडा सैल पण फिरतो, आणि भरताना गोळीसारखा सुटू शकतो. व्हॉल्व्हवरचा शिक्का आणि मानेवरचा शिक्का जुळवल्याशिवाय हाताने पण लावू नका.

टेस्टनंतरचा शिक्का वाचता आला पाहिजे. महिना, मग चौकोनात मांडलेली टेस्टरच्या ओळख नंबरची चार अक्षरं, मग वर्ष, आणि मिळाला असेल तर +. पहिलं अक्षर आणि तीन आकडे असं ते चौकोनात फिरत जातात, पहिल्यांदा बघणारा गोंधळतो. चौकोन नसेल, नुसती तारीखच असेल तर भरणारा योग्यच कारणाने टाकी परत करेल. आणि दरवर्षीच्या व्हिज्युअलचा (डोळ्यांनी बघून केलेल्या तपासणीचा) स्टिकर हा वेगळा, तो अमेरिकेत डायव्हिंगवाल्यांनी स्वतः घालून घेतलेला दंडक आहे, हायड्रोच्या शिक्क्याची जागा तो घेत नाही. ब्रिटनमध्ये हायड्रो ५ वर्षांनी आणि मधे अडीच वर्षांनी व्हिज्युअल, त्यामुळे परदेशात टाकी नेणाऱ्यांनी तिथलं बघून घ्या.

बाद झालीच खरोखर, म्हणजे कॅलिब्रेटेडचं रीडिंग बरोबर, तापमान जुळलेलं, गळती नाही, आधी ३६०० ला बसवलेली आणि तरी परमनंट १२ टक्के, तर वाद घालू नका. टेस्टर सर्व्हिस प्रेशरच्या शिक्क्यावर एक्स ठोकतो किंवा बाद असं ठोकतो, ते त्याला करावंच लागतं, त्यानंतर ती टाकी कुठेही भरायची नाही, ओळखीच्या माणसाकडेही नाही. व्हॉल्व्ह मात्र आधी काढून घ्या, तो तुमचाच आहे आणि पुढच्या टाकीला लागतो, आटे जुळवून.